बंद दारापुढची सेवा

सुज्ञ वाचकहो, धुलाईवाल्या घराण्याची ही कथा आता अशा वळणावर येऊन ठेपली आहे की, जेथे वाटणीचा वाद नाही, व्यसन नाही, परस्त्रीचा विषय तर नाहीच नाही; तरीसुद्धा घर दुभंगण्याची वेळ आली होती. प्रस्तुत प्रकरणात निळी आत्या इस्पितळातून कोणाच्या घरी जाणार हा प्रश्न कसा उभा राहिला, त्या प्रश्नाने सख्ख्यांना परके आणि परक्यांना सख्खे कसे केले, आणि प्रभूच्या नावाने वर्षानुवर्षे चाललेल्या सेवेत नेमके काय उणे पडले होते, हे मी यथामति कथन करणार आहे. आपण ते शांत चित्ताने श्रवण करावे.

प्रथम आबांची शिस्त पुन्हा एकवार ध्यानात आणून देतो. आबा म्हणजे लाँड्रीचे संस्थापक, आता प्रभूजवळ विसावलेले. त्यांच्या तारुण्यात कोणा सधन गृहस्थाने आमच्या ख्रिस्ती देवळाला, म्हणजे चर्चला, बाके अर्पण केली आणि प्रत्येक बाकाच्या पाठीवर स्वतःचे नाव कोरून घेतले. आबांना ते असे झोंबले की त्यांनी घरात नियमच घातला. कोणासाठी काही केले तर ते सांगायचे नाही. आणि कोणी केले, हे दुसऱ्याने विचारायचेही नाही. प्रभूला दिसते, तेवढे पुरे. नियम उदात्त होता आणि घराने तो निष्ठेने पाळला. गल्लीत कोणी आजारी पडले की त्याच्या उंबऱ्यावर दूध येई, धुतलेले कपडे येत. आणि ते कोणी ठेवले, हे त्या घरातल्या माणसांना एकमेकांतही ठाऊक नसे.

त्याच नियमाने निळ्या आत्याचेही चालले होते. ती आबांची धाकटी बहीण. तिने लग्न केले नाही. लाँड्रीत पांढऱ्या कपड्यांना नीळ देण्याचे काम जन्मभर तिच्याकडे असल्यामुळे तिची बोटे निळी दिसत, म्हणून हे नाव पडले. गुडघे गेल्यापासून ती गल्लीपलीकडे, घड्याळजीच्या दुकानावरच्या खोलीत एकटी राही. दाराबाहेरच्या खुंटीला घरून आलेला डबा अडकवला जाई. जेवण झाले की आत्या रिकामा डबा खुंटीला लावी, आणि सायंकाळी कोणीतरी तो घेऊन जाई. कोण, ते विचारायचे नाही.

आणि एके दिवशी आत्यापर्यंत कोणीच पोचले नाही. आत्या पाण्यासाठी उठली, पडली, आणि दुसऱ्या सकाळी घड्याळजीने वर जाऊन पाहीपर्यंत जमिनीवरच पडून राहिली. मनगट मोडले, अंगात ताप भरला. आता ताप उतरला होता आणि डॉक्टरांनी घरी न्यायला परवानगी दिली होती. पण कोणाच्या घरी?

*

त्या रविवारी उपासना आटोपून मंडळी परतली, ती थेट इस्त्रीच्या दालनात आली. रविवारी लाँड्री बंद असे. अपवाद फक्त इस्पितळाच्या चादरींचा. घरच्या चादरीची घडी एकटीने करता येते, पण वॉर्डातल्या लांबलचक चादरींना दोन माणसे लागत. दोन टोके दोघींनी धरायची, मागे सरून ताणायची, झटकायची, मग चालत येऊन टोकाला टोक मिळवायचे. दोघी जावांनी ते काम हाती घेतले होते.

"जरा ओढून धर गं," वहिनी म्हणाली. ही घरातली थोरली सून, दादांची पत्नी. "सुरकुती तुझ्याकडची आहे."

"माझ्याकडची कशी? कोपरा तुमच्याकडून सुटलाय." ही धाकटी. लहान मुलांच्या शाळेत शिकवीत असल्यामुळे घरात सारे तिला मास्तरीण म्हणत. "वहिनी, एक विचारू?"

"विचारायचं नाही, असं आबांनी सांगून ठेवलंय."

"मग वर गेल्यावर आबांनाच विचारते."

"बरं. तोवर चादर धर."

दोघी मागे सरल्या, चादर ताठ झाली, झटका बसला. मग दोघी समोरासमोर चालत आल्या आणि कोपऱ्याला कोपरा लागला, त्या क्षणी मास्तरीण हलक्या आवाजात म्हणाली, "त्या दिवशी आत्याकडे तुम्ही गेला होतात ना?"

वहिनीने कोपरे हातात घेतले, पण घडी काही केली नाही. तिच्या मनात हाच प्रश्न रोज सकाळी उठत होता आणि रोज ती त्याला पिठाबरोबर मळून टाकीत होती.

"मला वाटलं तू गेलीस," ती म्हणाली. "सकाळी शेल्फावरून डबा उतरवलास, मी पाहिलं."

"तो माझा शाळेचा! मी म्हटलं, तुम्ही भाजी जास्त टाकलीत, म्हणजे आत्याचंच चाललंय."

"भाजी जास्त टाकली, कारण तुझा नवरा दोनदा वाढून घेतो."

दोघींनाही हसू आले आणि लगेच त्या हसण्याची लाज वाटली. चादर मधोमध लोंबकळत राहिली.

*

ताई आली, ती इस्पितळातून. दादांची ही पाठची बहीण, दूरच्या शहरात दिलेली. बातमी कळताच मिळेल त्या गाडीने आली होती. मागोमाग धाकटा भाऊ, मास्तरणीचा नवरा, तोही आत आला. औषधाच्या दुकानात काम करणारा, म्हणून सारे त्याला कंपाउंडर म्हणत. दादा आधीपासूनच इस्त्रीच्या लांब टेबलाशी उभे होते. लाँड्रीची सारी जबाबदारी त्यांच्यावर. बोलणे कमी, खोकला जास्त.

ताई बसली नाही. "वॉर्डातल्या सिस्टरने आत्याला विचारलं, तुमची माणसं कोण? आत्या काय म्हणाली, ऐकायचंय?"

तिने उत्तराची वाट पाहिली नाही.

"म्हणाली, माणसं नाहीत, डबे येतात."

कंपाउंडरने खाली पाहिले. वहिनीने पदर तोंडाशी नेला. दादांनी थंड इस्त्री उचलली, कापडावर ठेवली आणि पुन्हा उचलली.

"मी तिला घेऊन जाते," ताई म्हणाली. "माझ्या शहरात वृद्धांचं एक घर आहे. तिथल्या चर्चच्या मंडळीतल्याच बायका चालवतात. स्वच्छ, मायाळू, रात्री उठून बघणारं माणूस आहे. माझ्या घरापासून जवळ."

"आत्या आश्रमात?" दादा म्हणाले. "आम्ही जिवंत असताना?"

"तुम्ही जिवंत असतानाच ती पडून राहिली, दादा."

मास्तरीण ताईच्या बाजूला जाऊन उभी राहिली. "ताईंचं खरं आहे. आपण सगळे दिवसभर कामात. तिकडे निदान चौकशी तरी होईल."

"वा गं वा!" वहिनी उसळली. "नणंद आली नि लगेच पक्ष बदललास? जन्मभर जिने आपल्या चादरी पांढऱ्या केल्या, तिला परक्यांच्या पदरात टाकायचं? लोक काय म्हणतील?"

"लोकांचं काय घेऊन बसलात, वहिनी? आत्या काय म्हणाली, ते ऐकलंत ना?"

"मला विचाराल," कंपाउंडर म्हणाला, "तर दोन्ही बाजूंत तथ्य आहे."

"तुला कुणीच विचारलं नाही," ताई म्हणाली. "तुझं दुकान आत्याच्या खोलीसमोर. तू तरी डोकावायचंस."

"मी कसा डोकावणार? दोन बायका घरात असताना मी डोकावलो, तर त्यांची सेवा मी हिसकावली असं नाही का होत?"

हे वाक्य त्याने पूर्ण प्रामाणिकपणे उच्चारले. तरीही उच्चारल्यावर ते दालनात असे विचित्र घुमले की त्याने स्वतःच मान खाली घातली. वाचकहो, या घराची चूक याच वाक्यात भरलेली होती. तेथे आळशी कोणी नव्हते, निर्दय कोणी नव्हते. प्रत्येकजण दुसऱ्याच्या चांगुलपणावर इतका विसंबून होता, आणि स्वतःचा चांगुलपणा झाकण्यात इतका गुंतला होता, की मध्ये आत्या कोठे आहे हे पाहायचे राहून गेले.

"मी गेले नाही," वहिनी अकस्मात म्हणाली. नियम तिनेच मोडला. "आता सगळ्यांनी सांगून टाका. मी गेले नाही."

"मीही नाही," मास्तरीण म्हणाली.

"मी नाही," कंपाउंडर म्हणाला.

दादांच्या हातातली इस्त्री टेबलावर आली. "मी गेलो होतो."

साऱ्यांच्या माना वळल्या.

"डबा घेऊन गेलो. खुंटीवर रिकामा डबा होता. मला वाटलं, माझ्याआधी कुणीतरी येऊन गेलं. मनात आनंद झाला. म्हटलं, घर आबांच्या वाटेने चाललंय. तसाच मागे फिरलो. तो आदल्या दिवसाचा डबा होता. कुणी न्यायलाच आलं नव्हतं. मी दारापर्यंत गेलो आणि दाराला हातही लावला नाही."

मग जे घडले ते कोणाला अपेक्षित नव्हते. वहिनी ताईकडे वळून म्हणाली, "घेऊन जा तिला. आपल्याच्याने होणार नाही. आपण चांगली माणसं असू, पण आपल्यापाशी आत्याला ठेवायची लायकी नाही."

"असं कसं?" आता मास्तरीण टेबलाला वळसा घालून वहिनीशेजारी आली. "चूक कळली म्हणून माणूस देऊन टाकायचं? चुकलं तर सुधारायचं. मी वर्गात मुलांना रोज हेच सांगते. एकमेकांना विचारायचं: आज तू जातेस का मी? एवढंच तर बोलायचं होतं."

"मग आबांची शिस्त?" दादांनी विचारले. त्या प्रश्नात तक्रार नव्हती. खरोखर वाट चुकलेला मनुष्य विचारतो तसे त्यांनी विचारले. "केलेलं सांगत सुटायचं?"

"ढोल वाजवणं वेगळं, दादा, आणि हाक देणं वेगळं," मास्तरीण म्हणाली.

ताईने पर्स उचलली. "हे इथे ठरवून काय उपयोग? तिला विचारू. दादा, तू चल माझ्याबरोबर. एकटाच चल."

*

वॉर्डाच्या खिडकीशी आत्याची खाट होती. मनगटाला प्लॅस्टर, पाठीशी उशी. केसांची जट झाली होती, कारण एका हाताने वेणी होत नाही. बाहेरच्या व्हरांड्यातून खोकला ऐकू आला, तशी ती शेजारच्या खाटेवरच्या बाईला म्हणाली, "आला खोकला. मागोमाग माणूसही येईल, बघा. नेहमी येतोच असं नाही."

ताई पुढे, दादा मागे. दादा खाटेच्या पायथ्याशी थांबले. त्यांनी ती थट्टा ऐकली होती.

"आत्या, त्या दिवशी तुला माझा खोकला ऐकू आला होता?"

"जमिनीवर पडलं की सगळं ऐकू येतं रे. तुझी चप्पल, तुझा खोकला. मी हाक मारली, पण घसा कोरडा, आवाज निघतो कुठे! म्हटलं, आता दार वाजवील. आता आत्या म्हणेल." ती जराही रागावलेली नव्हती, म्हणूनच ते ऐकणे कठीण होते. "आणि तू गेलास. येताना चप्पल वाजवतोस, जाताना अगदी मांजर! सेवा लपवायची केवढी घाई तुला."

"मला वाटलं, कुणी येऊन गेलंय."

"गेलं असेल, तर? डबा एकाने दिला की दुसऱ्याने भेटायचं नाही? दार नुसतं लोटलेलं होतं, बाळा."

दादांनी खाटेची लोखंडी कड धरली. ताईला वाटले, आता भावाला सावरावे. पण आत्याने डोळ्यांनीच तिला थांबवले आणि विषय बदलला. "तुझं काय गं? सिस्टर म्हणत होती, मला कुठेतरी नेणार आहेस."

ताईने त्या घराचे वर्णन केले. अंगण, समवयस्क बायका, सकाळचे शास्त्रवाचन, संध्याकाळची गीते, दिवसभर गप्पा.

"गप्पा?" आत्या उशीवरून पुढे झाली. "खरोखरीच्या?"

"कानठळ्या बसतील इतक्या."

"आणि तू येशील?"

ताई खोटे बोलू शकली असती. "जमेल तेव्हा येईन, आत्या. रोज नाही जमणार."

"खरं बोललीस, बरं वाटलं." आत्याने खिडकीबाहेर पाहिले. तिला जायचे होते. हे दादांना दिसले, ताईलाही दिसले. एवढी वर्षे उंबऱ्याबाहेर पावले ऐकणाऱ्या बाईला गप्पांचे आमिष म्हणजे काय, हे मी शब्दांत कसे सांगू?

तेवढ्यात सिस्टर औषधांची गाडी ढकलीत आली. "घरी जायचं ना आज्जी? कुणीतरी केस विंचरून द्या यांचे. मला सकाळपासून वेळ झाला नाही."

ताई कंगव्यासाठी पर्स उघडणार, तोच दादांनी स्टुलावरचा कंगवा उचलला.

"तू?" ताई म्हणाली.

"मी."

त्यांच्या हातांना कापड ठाऊक होते. रेशीम कोणते ओढ सोसते, सुती कोणते सोसत नाही, हे त्यांना डोळे मिटून सांगता आले असते. माणसाच्या केसांना मात्र त्यांनी कधी हात लावला नव्हता. त्यांनी केसांना थोडे पाणी लावले आणि खालच्या टोकापासून जट सोडवायला आरंभ केला, जसा घट्ट पिळलेला कपडा सोडवतात तसा.

"मुक्याने विंचरू नकोस," आत्या म्हणाली. "मुका न्हावी मला आवडत नाही. बोल."

"काय बोलू?"

"लाँड्रीत काय चाललंय?"

"चादरी पिवळट येतायत."

"नीळ कोण देतं?"

"मीच."

"फडक्यात बांधून, पाण्यात विरघळवून?"

"थेट टाकतो."

"मेल्या! ठिपके पडतील की!"

"पडलेत. इस्पितळाने एक गाठोडं परत पाठवलं. मी घरी सांगितलं, नमुना बदललाय. ठिपक्यांचा."

आत्या हसली. हसताना तिचा मोडका हात दुखला, ती "आई गं" म्हणाली आणि तरीही हसतच राहिली. शेजारची बाईही हसली. दादांना आश्चर्य वाटले की आपण कोणाला हसवले. मग ते बोलत राहिले. बॉयलर कसा कुरकुरतो, मास्तरीण चादर कशी वाकडी धरते, उपासनेच्या वेळी कंपाउंडरला कशी डुलकी लागते. अखेरीस त्यांनी वेणी घातली. वेणी वाकडी झाली.

"आत्या," ते म्हणाले, "ताई सांगते ते घर चांगलंच असेल. पण आपल्याकडे इस्त्रीच्या दालनाला लागून ती खोली आहे. गोंगाट फार आहे. दिवसभर माणसं ये-जा करतात, वाफ येते, भांडणं ऐकू येतात. तुला चालत असेल तर... दार काढूनच टाकतो मी."

"दार राहू दे, पडदाही लाव. मी बाईमाणूस आहे." आत्याने वेणी पुढे ओढून निरखली. "पण एक. जो येईल त्याने मी आलो म्हणून सांगायचं. आणि बसायचं. काम असो नसो."

"आबा म्हणायचे..."

"तुझा आबा माझा भाऊ होता. देवळातल्या बाकावर नाव कोरू नका म्हणाला तो. बहिणीला हाक मारू नका, असं नव्हता म्हणाला."

दादांनी मान हलवली. वडिलांना सोडावे लागले नाही आणि आत्याही सोडावी लागली नाही.

"मग मी इतक्या लांबून आले ती कशाला?" ताई म्हणाली, पण ती रुसलेली नव्हती.

"याला इथवर कान धरून कोण घेऊन आलं असतं?" आत्या म्हणाली. "परतीची घाई करू नकोस. राहा जरा. गप्पा मारू."

*

सायंकाळी दालनाशेजारच्या खोलीत पलंग लागला. मास्तरणीने पडदा शिवला, कंपाउंडरने पडद्याची दांडी ठोकताना स्वतःचा अंगठाही ठोकला, आणि ही वार्ता त्याने घरभर मोठ्याने कळवली. फक्त वहिनी आत येईना. लायकी नाही, असे ती सर्वांसमोर बोलून बसली होती आणि ते आत्याच्या कानी गेले असणार, या विचाराने ती ताट घेऊन पडद्याबाहेरच घुटमळत होती. शेवटी तिने घसा साफ केला.

"मी आलेय. मोठी सून."

"पडद्याखालून पाय ओळखलेत मी. गुडघे गेलेत, डोळे नाहीत," आतून उत्तर आले. "ताट ठेव आणि इथे बस. नाही, स्टुलावर नाही. पलंगावर. जवळ."

वहिनी बसली. आत्याने चांगल्या हाताने तिचा हात धरला आणि जेवण होईपर्यंत सोडला नाही, त्यामुळे वहिनीलाच घास भरवावे लागले. लायकीचा विषय दोघींपैकी कोणीही काढला नाही.

जेवणानंतर सारे त्या छोट्या खोलीत दाटीने उभे राहिले. दादांनी हात जोडले, डोळे मिटले.

"हे स्वर्गीय पित्या, तू जाणतोस की आमच्या घरावर कोणता प्रसंग आला. तू जाणतोस की आत्या इस्पितळात असताना आमच्या घरात एकाच्याही घशाखाली घास उतरला नाही. तू जाणतोस, त्या पहिल्या रात्री आम्ही प्रत्येकजण वेगवेगळ्या कोपऱ्यात..."

"थांब जरा," आत्या म्हणाली.

दादांनी एक डोळा उघडला. "आत्या, प्रार्थना चाललीय."

"चालू दे की. पण त्याला सगळं आधीच ठाऊक आहे. मला काहीच ठाऊक नाही. आधी मला सांग."

मग वहिनी म्हणाली, "पहिल्या रात्री ना, मी चुलीपाशी बसून होते..." "तुम्ही कुठे बसला होतात, तुम्ही तर भांडी आपटत होतात," मास्तरीण मध्येच म्हणाली. कंपाउंडर म्हणाला, तसे नाही, आधी घड्याळजी आला. ताईला गाडीतले सांगायचे होते. सगळे एकाच वेळी बोलू लागले, आणि दादा जोडलेले हात तसेच ठेवून, डोळे सताड उघडून, हळूच पलंगाच्या कडेवर बसले आणि आपली पाळी येण्याची वाट पाहू लागले.

त्या रात्री 'आमेन' म्हणायला फार उशीर झाला.

येथे हे प्रकरण समाप्त होते. माझे शिक्षण अर्धवट आहे आणि दुसऱ्यांची पुस्तके बांधता बांधता चार शब्द माझ्या हाती लागले आहेत. लेखनात जे उणे राहिले ते माझे, जे बरे साधले ते प्रभूचे. आपण येथवर सोबत केलीत, आपला अमूल्य वेळ या साध्या माणसांना दिलात, याबद्दल मी आपला अंतःकरणपूर्वक ऋणी आहे.

आपला नम्र,
बाइंडरमामा